तोफवाल्यांची सून

“आधी चुकीचं लिहिलं होतं, असं मी लिहून देणार नाही. मेलो तरी देणार नाही,” दादा म्हणाले आणि समोरचा कागद त्यांनी दोन बोटांनी असा ढकलला की तो टेबलावरून घसरून रफूवालीच्या पायाशी पडला.

तिने तो उचलला, झटकला आणि परत त्यांच्यासमोर ठेवला.

“मरायचं राहू द्या. सही करायचीय, फासावर नाही चढायचं.”

“अगं, जरा सावकाश,” तिचा नवरा म्हणाला. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, म्हणजे भांडण वाढलंच तर बाहेर सटकायला सोपं. “दादाला विचार करायला वेळ दे.”

“दादांकडे वेळच वेळ आहे. रिटायर झालेत. वेळ आईंकडे नाहीये.”

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. आत सासूबाई उजव्या कुशीवर पडल्या होत्या. डाव्या कुशीवर वळणं त्यांना वर्षभरापासून जमत नव्हतं. खुब्याचा सांधा झिजून संपला होता. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला होता आणि एका पांढऱ्या रेघेवर पेनाचं टोक ठेवून म्हणाले होते, “इथे गादीसारखं काहीतरी असतं. यांचं उरलेलं नाही. हाडावर हाड घासतंय. लवकर सांधा बदलला नाही, तर आजी अंथरुणाला खिळतील.” आणि मग फाइल मिटता मिटता सहज म्हणाले, “यांचे यजमान सैन्यात होते ना? मग सैनिकांच्या इस्पितळात न्या. विधवांचं सगळं करतात तिथे, आणि चांगलं करतात. फक्त नोकरीचा दाखला पाहिजे.”

त्या ‘फक्त’मागे रफूवाली वर्षभर फिरत होती.

रफूवाली हे तिचं नाव गल्लीने ठेवलेलं. लग्नाआधी ती एका ड्रायक्लीनरकडे बटणं लावायला होती. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने तिची बोटं बघितली आणि एक दिवस बटणांचा डबा बाजूला सारून तिच्यापुढे कसरीने खाल्लेला गरम कोट टाकला. तेव्हापासून तेच काम. सिगारेटने पडलेलं भोक, खिळ्याला अडकून गेलेला कोपरा, उंदराने कुरतडलेली शाल. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढायचे आणि मूळ विणीत एकेक करून गुंफत जायचे, आधी उभे, मग आडवे. गिऱ्हाईकाने कपडा उलटसुलट करून विचारलं, “भोक होतं कुठे?” की काम झालं. खिडकीजवळच्या स्टुलावर ती दिवसभर बसायची. बोलणं मुळातच कमी. राग आला की सुई ठेवून द्यायची, कारण रागात रफू केलं की वीण आवळते आणि कापडाला चुणी पडते, ती मग इस्त्रीचंही ऐकत नाही. या आठवड्यात तिने सुई हातात घेतली नव्हती. स्टुलाशेजारी गाठोड्यावर गाठोडं चढलं होतं आणि ड्रायक्लीनरचा माणूस दोनदा येऊन तोंड वाकडं करून गेला होता.

घराला गल्ली तोफवाल्यांचं घर म्हणायची. पुढच्या खोलीत सासऱ्यांचा फोटो होता. ऐन तारुण्यातला, अंगात गणवेश, शेजारी तोफ, तोफेच्या चाकावर हात. त्या एका फोटोवर दोन्ही मुलांनी आपापला संसार उभा केला होता, असं म्हटलं तर फारसं चूक नव्हतं. धाकट्याच्या, म्हणजे रफूवालीच्या नवऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानावर तोफ रंगवलेली होती. रंग उडाला की तो पेंटरला बोलावून पुन्हा काढून घ्यायचा, प्रत्येक वेळी नळी थोडी लांब. लोक एकमेकांना सांगायचे, “तोफेपाशी थांब, मी येतो.” थोरले दादा शाळेत मुख्याध्यापक होते. पोरांपुढे भाषणाला उभे राहिले की पहिल्या पाच वाक्यांत वडिलांची तोफ यायचीच. घरात कोणी आवाज चढवला तरी म्हणायचे, “तोफचीचं रक्त आहे, गरम असणारच.”

खुद्द तोफचीला रफूवालीने पाहिलं ते त्यांच्या शेवटच्या वर्षांत. सावकाश चालणारा, सावकाश जेवणारा माणूस. जेवून झालं की स्वतःचं ताट स्वतः नळाखाली धरायचा. तोफेबद्दल एक अक्षर बोलायचा नाही. नव्या सुनेला वाटायचं, ज्यांनी फार पाहिलेलं असतं ते बोलत नसावेत.

सासूबाईंच्या दाखल्याचा विषय निघाला तेव्हा दादांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं होतं. “हे माझ्यावर सोडा. सरकारी पत्रव्यवहार कसा करायचा असतो ते मला ठाऊक आहे.” त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज केला. उत्तर आलं, तोफखान्याच्या यादीत या नावाची व्यक्ती आढळत नाही. त्यांनी आणखी एक केला. तेच उत्तर. मग एका रविवारी त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की रेकॉर्ड ऑफिसला मागे मोठी आग लागली होती, तीत जुनी कागदपत्रं गेली. आता काय करणार. घरातले कागद वाळवीने कधीच खाल्ले होते. नवऱ्याने मान हलवली. आईंनीही हलवली. त्या दिवसापासून त्यांनी काठी सोडून वॉकर धरला.

रफूवालीला मात्र ते पटलं नाही. आग लागली म्हणून माणूस तोफेवर नव्हताच असं कसं होईल? कुठेतरी धागा राहिलेला असणार. तिने दुपारी काम आवरून खेपा घालायला सुरुवात केली. निवृत्त सैनिकांच्या संघटनेत गेली. तिथे एका म्हाताऱ्या तोफचीने फोटो डोळ्यांशी नेला, लांब धरला आणि म्हणाला, “तोफ आमचीच आहे, बाई. माणूस आठवत नाही.” रेकॉर्ड ऑफिसात ती इतक्या वेळा गेली की पहारेकरी तिला विचारायचंही सोडून वाट द्यायला लागला. तिथला कारकून प्रत्येक वेळी तेच सांगायचा. एकदा तिने त्याला सगळ्यांदेखत नको नको ते ऐकवलं. “तुमच्या बापाचा कागद असता तर असाच हरवला असता का? जिवंत माणूस तुमच्या हवाली केला होता, त्याचं एक नाव तुम्हाला सांभाळता आलं नाही.” कारकुनाने चष्मा काढून पुसला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

शेवटी ती म्हणाली, आईंनाच घेऊन जाते. म्हाताऱ्या माणसाला बघून तरी लाज वाटेल त्यांना.

“आईला कशाला हलवतेस? तिला काय माहीत त्यातलं?” दादा म्हणाले होते. त्यांनी अडवून पाहिलं, मग डॉक्टरांचं नाव सांगून पाहिलं आणि काहीच चाललं नाही तेव्हा स्वतःच स्कूटर काढून रिक्षाच्या मागे मागे आले.

ऑफिस वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, वळणाचा आणि दगडी. सासूबाईंनी पहिल्या पायरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “तू जा. मी इथे बसते.” पहारेकऱ्याने स्वतःची खुर्ची दिली. बाकावर दोन म्हातारे माजी सैनिक आपला नंबर यायची वाट बघत होते. त्यांनी पाय आखडून जागा केली.

वर कारकुनाने तिला बघून पेन खाली ठेवलं.

“आलात? आज काय ऐकवणार?”

“आज काही नाही. आज सासूबाईंना आणलंय. खाली बसल्यात, जिना चढवत नाही. एकदा बघा तरी, कोणासाठी मागतेय ते. आग लागली त्यात यांचा काय दोष?”

“कुठली आग?”

“तुमच्याकडची. जुनी कागदपत्रं जळाली ती.”

कारकून तिच्याकडे बघत राहिला. “बाई, मी नोकरीला लागल्यापासून इथे आग लागलेली नाही. आधीही लागल्याचं ऐकलं नाही. छत गळतं. उंदीर आहेत. एकदा वरचं प्लास्टर माझ्या डब्यात पडलं, भाजीसकट टाकून द्यावा लागला. पण आग नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?”

तिला दादांचा तो रविवार आठवला.

कारकून मात्र उठला होता. तो जिन्याच्या कठड्याशी गेला, खाली वाकला आणि मोठ्याने म्हणाला, “आजी, यजमान कुठल्या तोफेवर होते, काही आठवतं का? त्यांच्या साहेबांचं नाव? काहीही सांगा.”

खालून आवाज आला, स्वच्छ, जिन्याच्या दगडांवर आपटत वर येणारा.

“तोफेवर कशाला असतील? भांडी घासायचे ते.”

खाली बाकावरचे दोघं, पहारेकरी आणि स्कूटर लावून नुकतेच दारात पोचलेले दादा, सगळ्यांनी ते ऐकलं. दादांच्या हातात हेल्मेट होतं. ते त्यांनी डोक्यावर घातलं आणि तसेच उलटे फिरले.

कारकून हसला नाही. “मग आधी नाही का सांगायचं?” तो रफूवालीला म्हणाला. “लढणाऱ्यांची यादी वेगळी, कामवाल्यांची वेगळी. खोल्याही वेगळ्या. आचारी, धोबी, मोची, भांडीवाले सगळे मागच्या खोलीत. सैन्यातच धरतात त्यांना. इस्पितळाचा हक्क सगळ्यांना सारखाच.”

तो मागच्या खोलीत गेला. ती जिना उतरून सासूबाईंच्या खुर्चीशी जाऊन बसली, थेट जमिनीवर.

“आई, एवढी वर्षं बोलला का नाहीत?”

“मला कोणी विचारलं?” सासूबाई म्हणाल्या. त्यांना खरंच नवल वाटत होतं. “तुम्ही सगळे तोफ तोफ करत होता. मला वाटलं, दाखल्यासाठी तसंच लिहायचं असेल. दादा शिकलेला, त्याला सरकारी कामातलं कळतं म्हणतो. मी कशाला मधे बोलू?”

“आणि तो फोटो?”

“फोटो सगळेच काढायचे तोफेपाशी. फोटोवाला आला की रांग लागायची. न्हावीसुद्धा उभा राहायचा.”

कारकून धुळीने माखलेला परत आला. जिन्यावरून उतरून तो सरळ सासूबाईंसमोर उकिडवा बसला. “आजी, यजमानांच्या अंगावर काही खूण?”

“डावा खांदा भाजलेला होता. उकळत्या पाण्याचं हंड्याएवढं पातेलं उलटलं अंगावर. महिनाभर पालथे झोपायचे.”

“बरोबर,” तो म्हणाला. “डावा खांदा, भाजल्याचा व्रण. सापडले तुमचे यजमान.”

सासूबाईंनी तळहाताने तोंड पुसलं आणि विचारलं, “त्यात चांगलं वागले असं लिहिलंय ना?”

“चांगली वर्तणूक लिहिलंय.”

पण दाखला हातात आला नाही. घरून आलेल्या जुन्या अर्जांत दादांनी स्वतःच्या सहीने पेशा तोफची लिहिला होता आणि धाकट्या भावाचीही सही घेतली होती. एकाच माणसाचे दोन पेशे कसे, असं साहेब विचारणारच. तेव्हा दोन्ही मुलांनी लिहून द्यायचं की आधी लिहिलं ते चुकीचं होतं, वडील भांडी घासायचे. किंवा मग विधवेने स्वतः साहेबांपुढे येऊन सांगायचं. साहेब आठवड्यातून एकदा, गुरुवारी बसतात. वरच्या मजल्यावर. कारकुनाने जिन्याकडे बघितलं आणि तोच म्हणाला, “मुलांच्या सह्याच आणा. ते सोपं.”

ते सोपं काम घेऊन रफूवाली चार दिवस घरात फिरत होती.

“मला एक सांग,” नवरा आता दारातून दोन पावलं आत आला. “समजा, केली सही. उद्या हे गल्लीत कळलं तर? दुकानाच्या बोर्डाचं काय करू? तोफ पुसून पातेलं काढू?”

“काढा की, भाऊजी,” स्वयंपाकघराच्या दारातून थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते. “तोफेपेक्षा बरं खपेल. हार्डवेअरच्या दुकानातून आजवर कोणी तोफ घेऊन गेलंय का?”

“तू आत जा,” दादा बायकोला म्हणाले.

“आतच होते. भांडी घासत होते. ऐकलं, तुम्हाला त्या कामाची फार लाज वाटते, म्हटलं बघून यावं.” त्या गेल्या नाहीत.

दादांनी चष्मा काढला. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून पालकांशी बोलायचे तसा आवाज त्यांनी काढला. “हे बघा. कामाची लाज वगैरे काही नाही. कुठलंही काम हलकं नसतं, मीच मुलांना शिकवलंय. पण प्रश्न कागदावर लिहून द्यायचा आहे. माझ्या हाताखालून एवढी मुलं गेली. त्यातली अर्धी आज सरकारी ऑफिसांत बसलीत. कुणाच्या टेबलावर हा कागद जाईल सांगता येतं का? दुसरा काही मार्ग काढू. मी ओळखीने बघतो. आगीचं प्रमाणपत्र मिळवता आलं तर...”

“आग लागलेलीच नाही,” रफूवाली म्हणाली.

“ते तो कारकून म्हणतो.”

“मी त्या कारकुनाला बापावरून बोललेय, दादा. सगळ्यांदेखत. तुमच्या त्या आगीसाठी.”

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या कधीच जोरात बोलत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकायला घराला गप्प व्हावंच लागायचं.

“दादा, तुला तर माहीत होतं रे.”

“काय माहीत होतं?” धाकटा म्हणाला.

“तो गेला होता की तिथे. शाळेला सुट्टी होती, हे त्याला छावणीत घेऊन गेले होते. परत आल्यावर दोन दिवस जेवला नाही. मी विचारलं तर म्हणाला, पोट दुखतंय. ह्यांनी सांगितलं मला नंतर. हे डेगीत उतरून आतून घासत होते, वाळू आणि राख घेऊन. एवढाल्या डेगी असायच्या, आत माणूस बसला की नुसतं डोकं दिसायचं. हा काठाशी उभा होता आणि साहेबलोकांची पोरं ह्याला हसली.”

धाकट्याने दादांकडे बघितलं. “तू आल्यावर मला सांगितलंस, तोफ बघितली. बाबांनी तुझ्यासमोर उडवली म्हणालास. कानात बोटं घालायला लागली म्हणालास.”

दादा चष्म्याच्या काड्या मिटत होते, उघडत होते.

“मी ती तोफ बोर्डावर काढलीय,” धाकटा म्हणाला. “तू जशी सांगितलीस तशी.”

“मी आठ वर्षांचा होतो,” दादा म्हणाले. त्यांचा शाळेतला आवाज गेला होता. “खरकट्याचा पोरगा म्हणाले मला. बाबांनी ऐकलं. त्यांनी डेगीतून मान वर केली, माझ्याकडे बघून हसले आणि परत घासायला लागले. एक शब्द बोलले नाहीत त्या पोरांना. तुम्हाला कळायचं नाही ते.”

एरवी रफूवालीला त्यांची कीव आली असती. आठ वर्षांच्या त्या पोराची तिला आलीही, क्षणभर. पण आतल्या खोलीत पलंग करकरला. सासूबाई कूस बदलायचा प्रयत्न करत होत्या, अर्ध्यावर अडकल्या होत्या आणि ओठ दाबून श्वास घेत होत्या. तो आवाज घरातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा झाला होता. तो आला की सगळे इकडेतिकडे बघायचे.

“आठ वर्षांचे होतात, मान्य,” ती म्हणाली. “आता सत्तरीचे आहात. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही सत्तरीचेच होतात. तुम्हाला माहीत होतं की तोफखान्याच्या यादीत बाबा सापडणार नाहीत. तरी अर्ज केलात. नाही सापडले म्हणून उत्तर आलं, ते आम्हाला वाचून दाखवलंत. परत अर्ज केलात. परत तोफ. मग आग लावलीत. आई काठीवर होत्या, वॉकरवर आल्या, पलंगावर आल्या, आणि तुम्ही समोरच्या खुर्चीत बसून रोज पेपर वाचत होतात. हाडावर हाड घासत होतं त्यांचं, आणि तुम्हाला बाबांनी काय घासलं त्याची पडली होती.”

“जिभेला आवर घाल,” नवरा पुटपुटला, पण सवयीने.

“तुम्ही सही करणार का ते सांगा. तुम्ही. दादांचं नाही विचारत.”

नवरा फोटोकडे गेला, फोटोपासून परत आला. “मी करतो. मी करतोच म्हणतोय. पण दोघांच्या लागतात ना? एकट्याची चालणार नाही. मग उगाच आता ताणून काय उपयोग. दादा जरा शांत झाला की...”

“शांत?” जाऊबाई म्हणाल्या. “ते आठ वर्षांचे असल्यापासून शांतच आहेत, भाऊजी.”

दादा उठले. कागद त्यांनी उचलला, रफूवालीला वाटलं आता करतील. त्यांनी तो नीट घडी घालून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला, वर पेपरवेट ठेवला आणि म्हणाले, “पुढच्या महिन्यात बघू. शाळेचा पन्नास वर्षांचा कार्यक्रम आहे. मला बोलायला बोलावलंय. तो होऊ दे.”

त्या क्षणी तिचा राग वर यायचा थांबला. तो तिथेच घट्ट झाला. वर्षभर ती ऑफिसांवर चिडली होती, जिन्यांवर, खिडक्यांवर, त्या बिचाऱ्या कारकुनावर. कागद हरवला कुठे म्हणून गावभर शोधत होती आणि तो हरवणारा माणूस रोज तिच्या हातचा चहा पीत होता, साखर कमी झाली तर सांगत होता.

ती आतल्या खोलीत गेली. सासूबाईंच्या गुडघ्यांखाली उशी सरकवली, त्यांना हळूच पूर्ण वळवून घेतलं.

“आई, तो जिना बघितलात ना. खुर्चीत बसवून उचलून नेलं तर वळणावर हिसका बसेल. डॉक्टर नको म्हणालेत. फार दुखेल.”

“इथे काय कमी दुखतं? इथलं दुखणं नुसतं फुकट जातं,” सासूबाई म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, “काय सांगायचं असतं साहेबांना?”

“बाबा काय करायचे ते. बस.”

“मग ते मला पाठ आहे. लढाईला पलटण गेली तेव्हा हेही गेले होते. तोफा उडायच्या तिकडे आणि हे इकडे डेगी घासायचे. तोफचींना जेवायला लागतच होतं की.” त्यांनी डोळे मिटले. “तेही सांगू का?”

“सगळं सांगा.”

रफूवाली बाहेर आली. तिघंही होते तिथेच होते. दादा खुर्चीमागे उभे, नवरा फोटोखाली, जाऊबाई दारात. टेबलावरचा कागद तिने पेपरवेटखालून काढला, दोन तुकडे केले, आणखी दोन केले आणि केराच्या डब्यात टाकले.

“उद्या गुरुवार आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज कापड मोजून सांगावं तसा होता. “साहेब बसतात. मी आणि आई सकाळीच निघणार आहोत. समोरच्या गोदामातल्या दोघा हमालांना आत्ता सांगून येते, ते आईंना खुर्चीसकट वर नेतील. बाबा भांडी घासायचे हे आई स्वतः सांगतील. तुमच्या दोघांच्या सह्या आता नकोत, कोणी करायला आलं तरी नकोत. दाखला मिळाला की तिथूनच आईंना इस्पितळात दाखल करणार. त्या पायावर उभ्या राहीपर्यंत मी तिथेच राहणार आहे, घरी येणार नाही.”